विक्रेत्याचा दलाल (नागपूर)

विक्रेत्याचा दलाल : घर, फ्लॅट किंवा प्लॉट विकायला काढलेल्या मालकाच्या वतीने गिऱ्हाईक शोधणारी, भावाची बोलणी करणारी आणि रजिस्ट्री होईपर्यंत व्यवहार हाकणारी व्यक्ती किंवा संस्था. सरकारी मराठीत तो ‘स्थावर संपदा अभिकर्ता’. नागपुरात ब्रोकर, एजंट किंवा नुसते ‘प्रॉपर्टीवाले भाऊ’. विकणारा आणि घेणारा, दोघांनाही तो ‘पार्टी’च म्हणतो. तो नेमका कोणाचा माणूस, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

अमेरिकेत विकणाऱ्याचा एजंट आणि घेणाऱ्याचा एजंट सहसा वेगळे असतात. नागपुरात बहुतेक सौद्यांत एकच माणूस दोन्ही बाजूंना बसतो आणि दोघांकडून दलाली घेतो. दर कायद्याने ठरलेला नाही. साधारण एक टक्का, फार तर दोन, असा रिवाज आहे आणि तोही घासाघीस करूनच ठरतो. मालक एकाच वेळी चार-पाच जणांना सांगून ठेवतो, लेखी करार क्वचितच होतो. मग एकाच फ्लॅटचे तीन वेगवेगळे भाव व्हॉट्सॲपवर फिरू लागतात आणि गिऱ्हाइकाला वाटते, मालक अडचणीत आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ मात्र याबाबत संदिग्ध नाही. अभिकर्त्याने मालकाला सर्व महत्त्वाची माहिती दिली पाहिजे. मालकाच्या नकळत त्याने स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातला फायदा मालक मागू शकतो (कलम २१५, २१६). कामात गैरवर्तन झाले, तर त्या भागाचा मोबदला बुडतो (कलम २२०). ‘मालकाला साठ लाख, वरचे माझे’ ही बोली याच कलमांच्या विरोधात जाते. मालकाला खरा भाव माहीत असून त्याने होकार दिला असेल, तर गोष्ट वेगळी. अनेकदा त्याला तो रजिस्ट्रीच्या दिवशी कळतो, तेही कळलाच तर.

नागपुरात या कामाचा खरा कस गिऱ्हाईक आणण्यात लागत नाही, कागद जुळवण्यात लागतो. १९३६च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासचे (शहर विकासाची सरकारी संस्था) अनेक प्लॉट भाडेपट्ट्यावरचे आहेत. असा प्लॉट विकताना प्रन्यासची ना-हरकत आणि हस्तांतरणाचे शुल्क मध्ये येते. नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, पट्ट्याच्या जमिनीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मानेवाडा, हुडकेश्वर यांसारख्या दक्षिणेकडच्या वस्त्यांत पहिला प्रश्न असतो, ‘आर.एल. (रेग्युलरायझेशन लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचे पत्र) आहे का?’ शेतजमिनीवर परवानगीशिवाय पडलेल्या लेआऊटमधले प्लॉट २००१च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करता येतात, आणि प्रन्यासचे ते पत्र हातात नसेल, तर बँक कर्ज द्यायला कचरते व भाव तिथेच घसरतो. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्याची अडचण निराळीच : आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचे नाव आणि वारस पुण्यापासून अमेरिकेपर्यंत पांगलेले. (बाकी महाराष्ट्र जिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, ती विदर्भातली आखीव पत्रिका.) चांगला दलाल जाहिरात करण्याआधी हे सगळे तपासतो. बाकीचे इसार झाल्यावर तपासतात आणि इसाराची रक्कम परत करण्यावरून भांडण होते.

भाव सांगताना तो शेजारच्या गल्लीत नुकतेच झालेले सौदे, रस्त्याची रुंदी, पूर्वमुखी दार आणि रेडी रेकनरचा (सरकारी मूल्यांकनाचा) दर पाहतो. मालकाच्या डोक्यातला भाव मात्र बहुधा नातेवाइकांनी घातलेला असतो. तो खाली आणणे हेही कामच. मालकाला खूश ठेवण्यासाठी सुरुवातीला चढा आकडा सांगायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी ‘मार्केट थंड आहे’ म्हणत उतरवायचा, ही जुनी चाल आहे. पितृपक्षात सौदे थबकतात. दसरा, अक्षय तृतीयेला इसाराची घाई होते.

इसारपत्राने मालकी जात नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२च्या कलम ५४नुसार त्यासाठी नोंदणीकृत विक्रीपत्रच लागते. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर ‘विकून टाकण्याची’ पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात अमान्य केली. तरी ‘पॉवरवर करून टाकू’ असे सुचवणारे भेटतातच. घराचा लपलेला दोष खरेदीदाराला सांगण्याची जबाबदारी मालकाची असते (कलम ५५), म्हणून गच्चीची गळती लपवून ठेवायला सांगणारा दलाल मालकाचेच नुकसान करतो. सौद्यात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदार १ टक्का कर कापून भरतो. वयस्कर मालकाला ही कपात आधीच समजावून सांगितली नाही, तर शेवटच्या चेकचा आकडा पाहून तो सही करायला नकार देतो.

२०१६च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी न करता काम केल्यास दिवसाला १०,००० रुपये, एकूण जास्तीत जास्त मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. २०२३ मध्ये महारेराने (या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने) दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. पण ही सक्ती महारेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे. प्रतापनगरातला तीस वर्षांपूर्वीचा बंगला विकून देणारा तिच्याबाहेर राहतो, आणि वैयक्तिक विक्रेत्याला दलाल लागतो तो नेमका अशाच घरांसाठी.

दलाली बहुधा रजिस्ट्रीच्या दिवशी, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारातच चुकती होते. महापालिकेच्या कर विभागातली नोंद, महावितरणचे मीटर आणि आखीव पत्रिकेवरचा फेरफार ही नावे बदलण्याची कामे त्यानंतरची. ती दलालाने करून द्यायची की नाही हे आधी ठरलेले नसेल, तर फोन उचलला जात नाही आणि पाणीबिल जुन्या मालकाच्या नावाने येत राहते.