ऑलपोर्ट, गॉर्डन विलर्ड

(११ नोव्हेंबर १८९७ – ९ ऑक्टोबर १९६७). अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. व्यक्तिमत्त्वाचे गुणविशेष हा विद्यापीठात शिकण्या-शिकवण्याचा विषय झाला, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. जन्म इंडियाना राज्यातील माँटेझुमा येथे.

हार्व्हर्डची पदवी घेऊन (१९१९) त्यांनी वर्षभर कॉन्स्टँटिनोपलला (आजचे इस्तंबूल) अध्यापन केले. परतताना व्हिएन्नात ते मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड यांना भेटले. फ्रॉइड काहीच बोलेनात, तेव्हा २२ वर्षांच्या या तरुणाने नुकताच ट्राममध्ये पाहिलेला प्रसंग सांगितला : चार वर्षांचा मुलगा, त्याला सगळीकडे घाणच दिसते, शेजारी कडक इस्त्रीतली करारी आई. ‘तो मुलगा तुम्हीच का?’ फ्रॉइड यांनी विचारले. साध्या प्रसंगातही दडलेला अर्थ शोधला गेल्याने ऑलपोर्ट अवाक झाले. मनाचा तळ ढवळण्याआधी माणसाचे उघड हेतू ऐकून घ्यावेत, ही त्यांची पुढची भूमिका या भेटीशी जोडलेली आहे.

गुणविशेषांवरील प्रबंधाला १९२२ मध्ये डॉक्टरेट मिळाली. १९२४ पासून, डार्टमथ महाविद्यालयातील चार वर्षे वगळता, ते अखेरपर्यंत हार्व्हर्डमध्येच शिकवत राहिले.

त्यांचे सर्वांत चिकाटीचे काम म्हणजे हेन्री ऑडबर्ट यांच्यासह केलेली शब्दगणना (१९३६). वेबस्टरचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश चाळून दोघांनी माणसाचे वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले आणि चार रकान्यांत लावले. ‘मनमिळाऊ’सारखे टिकाऊ स्वभाव सांगणारे शब्द पहिल्यात, ‘ओशाळलेला’सारखे तात्पुरत्या अवस्थेचे दुसऱ्यात, ‘लायक’सारखे निव्वळ निवाडा करणारे तिसऱ्यात, उरलेले चौथ्यात. निवाड्याचे शब्द वेगळे काढणे ही यातली खरी सूक्ष्म दृष्टी. पहिल्या रकान्यात ४,५०४ शब्द आले. त्यांवरूनच मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी पुढे घटक विश्लेषण (एकत्र आढळणाऱ्या गुणांचे गट पाडण्याची संख्याशास्त्रीय पद्धत) करून १६ घटक मांडले. व्यक्तिमत्त्व पाच मुख्य घटकांत मांडणारे आजचे ‘पंचघटक’ प्रारूपही याच वाटेवरचे.

ऑलपोर्ट यांचा स्वतःचा ओढा मात्र एकेका माणसाकडे होता. १९३७ च्या ग्रंथात त्यांनी सर्वांत आढळणारे सामान्य गुण आणि एकाच व्यक्तीचे खास गुण असा भेद केला. १९३९ मध्ये ते अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. पूर्वग्रहांवरील त्यांचा ग्रंथ १९५४ चा. उतारवयात त्यांनी ‘जेनी’ या बदललेल्या नावाच्या एका आईची ३०१ पत्रे अभ्यासली. ती ३६ जणांना वाचायला दिली, तेव्हा त्या एकाच बाईसाठी त्या सर्वांनी मिळून १९८ गुणवाचक शब्द वापरले.