‘राष्ट्रांमधील नीतिमान’ सन्मान: शेतकरी कुटुंबांचे प्रस्ताव कुठे अडतात?

आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात एका ज्यू कुटुंबाला गोठ्याच्या माळ्यावर लपवलं होतं, हे घरात सगळ्यांना पाठ असतं. शेजाऱ्यांच्या सह्या, गावच्या पाद्रींचं पत्र, जुने फोटो जोडून वारस या सन्मानासाठी प्रस्ताव जेरुसलेमला याद वाशेमकडे पाठवतात आणि तो तिथेच अडतो. याद वाशेम ही नाझींनी केलेल्या ज्यू संहाराची स्मारक संस्था; ज्यूंना वाचवणाऱ्या बिगर-ज्यूंना ती हा सन्मान देते. कारण समितीला साक्ष हवी असते ती वाचलेल्या ज्यू व्यक्तीची, नाहीतर निःसंदिग्ध कागदपत्रं. वाचवणाऱ्यांच्या मुला-नातवंडांचं सांगणं, कितीही खरं असलं तरी, तेवढ्यावर भागत नाही.

हा नियम खेड्यातल्या माणसांना फार जड जातो. जर्मनव्याप्त पोलंडमध्ये ज्यूंना आसरा देणाऱ्याला ऑक्टोबर १९४१ पासून मृत्युदंड होता. लिहून ठेवणार कोण? लपलेले लोक खोट्या ख्रिस्ती नावांनी राहत, त्यामुळे घरच्यांना पुष्कळदा तेवढंच नाव आठवतं. युद्धानंतरही शेजाऱ्यांच्या भीतीने अनेकांनी तोंड उघडलं नाही.

म्हणून घरच्यांची आणखी प्रतिज्ञापत्रं गोळा करण्यात वेळ घालवू नका. दुसऱ्या बाजूचा, म्हणजे लपलेल्या ज्यूंचा, माग काढा. पोलंडमध्ये ज्यू ऐतिहासिक आयोगाने युद्ध संपता संपता हजारो जबान्या नोंदवल्या. त्या वॉर्सातल्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत. नाझी छळाची कागदपत्रं जपणारं जर्मनीतलं आरोलसेन अभिलेखागार आणि अमेरिकेतल्या शोआ फाउंडेशनने घेतलेल्या, संहारातून वाचलेल्यांच्या चित्रित मुलाखतीही पाहा. शोध माणसाच्या नावाने लागला नाही तर गावाच्या नावाने घ्या, आणि गावाची युद्धाआधीची नावंही धरा. सरहद्दी सरकल्या तसं पोलंडमधल्या ल्वूफ शहराचं आता युक्रेनमधलं ल्विव्ह झालं.

वाचवणारी व्यक्ती ज्यू नसावी, तिने स्वतः मदत केलेली असावी आणि त्यात जीव, स्वातंत्र्य किंवा हुद्दा पणाला लागलेला असावा, या अटी सरळ आहेत. पैशांच्या अटीपाशी मात्र लोक विनाकारण घाबरतात. लपलेल्यांनी स्वतःच्या जेवणाखाण्याचा खर्च दिला असेल तर एवढ्याने प्रस्ताव बाद होत नाही. मोबदल्यासाठीच आसरा दिला असेल, किंवा मुलाला धर्मांतरासाठी वा दत्तक घेण्यासाठीच ठेवून घेतलं असेल, तर होतो. पैसे घेतले असतील तर लिहा. लपवलेली गोष्ट नंतर साक्षीतून बाहेर आली तर खऱ्या भागावरही शंका येते.

लपलेले वाचलेच पाहिजेत, अशी अट नाही. पोलंडमधल्या मार्कोवा गावातल्या युझेफ आणि विक्तोरिया उल्मा यांना २४ मार्च १९४४ रोजी त्यांच्या मुलांसह आणि घरातल्या आठही ज्यूंसह मारण्यात आलं. १९९५ मध्ये त्या दोघांना हा सन्मान मिळाला.

अर्जाला शेवटची तारीख नाही. पण साक्षीदार थकत चाललेत. कुणी हयात असेल तर आजच जबानी लिहून घ्या. त्या काळी लहान मूल असलेल्याची साक्षही मोलाची. निर्णय घेणारी समिती १९६३ पासून काम करते आणि तिच्या अध्यक्षपदी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिले आहेत. आजवर २८,००० हून अधिक जणांना मान्यता मिळाली. त्यांत ७,००० हून जास्त पोलंडचे. मान्यता मिळाली की पदक, प्रमाणपत्र आणि जेरुसलेमच्या स्मृतिभिंतीवर नाव. वाचवणारे हयात नसतील तर पदक वारसांच्या हाती देतात.

प्रस्तावात लपलेल्यांचं खरं आणि खोटं नाव, मूळ गाव, किती महिने नि नेमकं कुठे ठेवलं, हे आधी लिहा. आजोबांच्या स्वभावाचं वर्णन नंतर.