दोन फोटॉन वेगळे का होत नाहीत?

प्रकाशावर चालणाऱ्या क्वांटम चिपची बातमी आली की सोबत हमखास एक वाक्य येतं: प्रकाश सर्वांत वेगवान, म्हणून ही चिपही वेगवान. हे कारण साफ चुकीचं आहे. सिलिकॉनमध्ये शिरल्यावर प्रकाशाचा वेग निर्वातातल्या वेगाच्या एक तृतीयांशाहूनही कमी होतो. या चिपची ताकद आहे फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, व्यतिकरणात: लाटांसारखं एकमेकांत मिसळून वाढण्यात किंवा पुसलं जाण्यात.

डोळ्यांना दिसणारा प्रकाश सिलिकॉन शोषून घेतं, पण १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाला ते पारदर्शक असतं. साधारण ४५० नॅनोमीटर रुंदीची सिलिकॉनची पट्टी काचेसारख्या सिलिकात गाडली, की पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे प्रकाश तिच्यातच कोंडला जातो आणि पट्टी वळेल तसा वळतो. थोडासा भाग मात्र पट्टीबाहेर पसरलेला असतो. त्यामुळे शेजारी, दोनेकशे नॅनोमीटरवर, दुसरी पट्टी आणली तर प्रकाश तिच्यात झिरपतो. दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी धावतात ती लांबी नेमकी ठेवली, तर एकटा फोटॉन निम्म्या वेळा आपल्या पट्टीत राहतो, निम्म्या वेळा पलीकडे जातो.

आता दोन्ही पट्ट्यांत एकाच क्षणी एकेक, अगदी एकसारखा फोटॉन सोडा. साध्या हिशेबाने निम्म्या वेळा ते वेगवेगळ्या पट्ट्यांतून बाहेर पडायला हवेत. तसं कधीच होत नाही! वेगळे बाहेर पडण्याच्या रीती दोन: दोघंही जागेवर राहिले, किंवा दोघांनी अदलाबदल केली. फोटॉन एकसारखे असल्याने यातलं काय घडलं हे कुठल्याही मोजमापाने कळू शकत नाही. अशा वेळी निसर्ग संभाव्यतांची नव्हे, आयामांची बेरीज करतो. आयाम म्हणजे ज्याच्या वर्गावरून संभाव्यता मिळते ती, उणेही असू शकणारी संख्या. पट्टी ओलांडताना कला, म्हणजे लाट आपल्या चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते, ९० अंशांनी बदलते. दोघांनी ओलांडली की १८० अंश, म्हणजे उणे चिन्ह. बेरीज शून्य. म्हणून दोघंही नेहमी एकाच पट्टीतून, जोडीने बाहेर येतात. हाँग, ओऊ आणि मँडेल यांनी १९८७ मध्ये हा परिणाम प्रयोगाने दाखवला. फोटॉनांच्या रंगात किंवा येण्याच्या वेळेत जरा फरक पडला, की ही वजाबाकी अपुरी राहते.

‘क्वांटम ऊर्जे’ची लॉकेटं विकणारे लोक ज्या विज्ञानाचं नाव वापरतात, ते इतकं काटेकोर आहे. लॉकेटाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

याच व्यतिकरणावर क्वांटम संगणक उभा राहू शकतो, हे २००१ मध्ये निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी गणिताने दाखवलं. असे प्रयोग टेबलावर आरसे मांडून केले, तर आरसे जरा हलले तरी प्रयोग बिघडतो. चिपवर वाटा कोरलेल्याच असतात, आणि बारीक हीटरने पट्टी तापवून कला हवी तशी बदलता येते. २००८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात सिलिकाच्या पट्ट्यांवर अशा कोरलेल्या वाटांचं सर्किट चाललं. अडचण आहे ती फोटॉन वाटेत हरवण्याची. पट्टीच्या खडबडीत कडांवरून ते विखुरतात, आणि अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नसल्याने फायबरमधल्या संदेशासारखे ते मध्येच वर्धकाने वाढवताही येत नाहीत.