पार्श्वभूमी: ‘जहाल’पासून ‘कडव्या’पर्यंत

दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराबद्दल बडोद्यात दोन तऱ्हांनी बोललं जातं. कुणासाठी ती अरविंद घोषांची तपोभूमी आहे, तर कुणासाठी पुढे कलकत्त्यात माणिकतळ्याच्या बागेत ज्याची परिणती झाली त्या बाँबच्या कटाची पहिली पायरी. १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षं ते बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. कॉलेजात शिकवत, सयाजीराव महाराजांची भाषणं लिहून देत आणि इथेच मराठी शिकले. त्यांना ‘जहाल’ हे विशेषण चिकटलं ते बडोदा सोडल्यानंतर. पण आज आपण त्यांच्या बडोद्यातल्या वर्षांनाही तेच लावतो. एखाद्या गटाला किंवा माणसाला ‘अतिरेकी’, ‘कट्टर’, ‘कडवा’ म्हणताना तारीख आणि साक्षीदार दोन्ही गळून पडतात. ती सवय कुठून आली, हे बघायचं तर हा ‘जहाल’ शब्दच आधी उलगडायला हवा.

इंग्रजी वृत्तपत्रांनी काँग्रेसमधल्या दोन तटांना ‘मॉडरेट’ आणि ‘एक्स्ट्रीमिस्ट’ म्हणायला सुरुवात केली. या दोन्ही शब्दांत जागेची कल्पना आहे. एक मापात राहणारा, दुसरा टोकाला गेलेला. मराठीत आले ‘मवाळ’ आणि ‘जहाल’. इथे जागा नाही, गुण आहे. गूळ मवाळ असतो, विष जहाल असतं. म्हणजे भाषांतर होता होता भूमिकेचं वर्णन स्वभावाचं वर्णन झालं. कुणी किती पुढे जाऊन काय मागतो, हा प्रश्न बाजूला पडला आणि कुणाचं डोकं किती तापलेलं आहे, हा पुढे आला. हिंदीने ‘गरम दल’, ‘नरम दल’ करून तेच केलं. गुजरातीने तर आपली ही जोडी जशीच्या तशी उचलली. बडोद्यातल्या गुजराती शाळेतलं पोरही इतिहासाच्या तासाला ‘मवाळ’ आणि ‘जहाल’च शिकतं, आणि ते शब्द मराठीतून आले हे त्याला माहीत असतंच असं नाही.

ज्यांना हे नाव मिळालं ते स्वतःला ‘राष्ट्रीय पक्ष’ म्हणत. टिळकांनी जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात सांगितलं होतं की हे दोन्ही शब्द काळाशी बांधलेले आहेत. कालचे एक्स्ट्रीमिस्ट आज मॉडरेट ठरले आहेत, आणि आजचे उद्या ठरतील. त्या आधीच्याच महिन्यात, काँग्रेसच्या १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात, स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे चारही ठराव दोन्ही तटांच्या उपस्थितीत मंजूर झाले होते. वर्षभराने सुरतेच्या अधिवेशनात खुर्च्या-जोडे फेकले गेले. वाद होता तो हे ठराव पातळ होणार की तसेच राहणार, आणि अध्यक्ष कोण, यावर. अंतर होतंच, नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. पण ‘विष’ आणि ‘गूळ’ यांच्याइतकं ते नव्हतं. सुरतेनंतर दोन्ही बाजूंनी आपापली निवेदनं काढली. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर कुणी आधी हात उचलला हे ठरवता येत नाही. तरी बहुतेक पाठ्यपुस्तकांत एकच हकिकत असते.

भाषांतराचा प्रश्न पुढच्याच वर्षी कोर्टात गेला. टिळकांवरच्या १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’तले अग्रलेख मराठी होते. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, आणि त्यांच्यापुढे सरकारी भाषांतरकाराचं इंग्रजी होतं. टिळकांनी आपल्या बचावाच्या लांबलचक भाषणात पुष्कळ वेळ मराठी शब्दांवर घालवला, कारण शब्दाची एक छटा बदलली की टीकेची चिथावणी होत होती. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. मला वाटतं, त्या खटल्यातली खरी शिकवण राजद्रोहाच्या कलमापेक्षा शब्दकोशात जास्त आहे.

आता बडोद्याकडे वळू. १९०५ मध्ये अरविंदांनी लिहिलेलं ‘भवानी मंदिर’ नावाचं छोटं पत्रक या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी धरलं जातं. डोंगरात देवीचं मंदिर, त्याभोवती देशासाठी संन्यस्त झालेल्या तरुणांचा मठ, अशी त्यातली कल्पना होती. डिसेंबर १९१७ मध्ये नेमलेल्या राजद्रोह चौकशी समितीने, म्हणजे आपण रौलट समिती म्हणतो तिने, १९१८ च्या अहवालात हे पत्रक धार्मिक आदर्शांचा राजकारणासाठी केलेला विपर्यास म्हणून मांडलं. त्या समितीचं काम बंद दाराआड चाललं. समोर कागद होते ते प्रामुख्याने पोलिसांचे आणि सरकारचे. साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायला विरुद्ध बाजूचा वकील नव्हता. एवढं माहीत असूनही हा अहवाल पुढे शंभर वर्षं ‘साधन’ म्हणून उद्धृत होत राहिला, आणि जे देशभक्त लेखक त्याच्या निष्कर्षांवर चिडत तेही तपशील त्यातूनच घेत.

दुसरी बाजू अरविंदांची स्वतःची. पुष्कळ वर्षांनी पाँडिचेरीहून त्यांनी सांगितलं की पत्रक त्यांनी लिहिलं खरं, पण कल्पना जास्त करून धाकट्या भावाची, बारींद्रची होती. हेतू खून पाडण्याचा नव्हता, देशाची क्रांतीसाठी तयारी करण्याचा होता, आणि त्यांच्यापुरती ती कल्पना लवकरच मागे पडली. हीसुद्धा हितसंबंध असलेल्या माणसाचीच साक्ष आहे, आणि तीही उशिराची. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी अहवालात नाही. तिच्यात एकाच घरातल्या दोन भावांमध्ये फरक केला आहे. अहवालाला तो फरक लागत नव्हता, त्याला एक सलग कट हवा होता. माणिकतळ्याच्या कटावरून चाललेल्या अलिपूरच्या खटल्यात मे १९०९ मध्ये कोर्टाने तो फरक केला. अरविंद सुटले, बारींद्रला फाशीची शिक्षा झाली, जी अपिलात काळ्या पाण्यावर आली. कोर्टाचा निकाल आणि समितीचा अहवाल यांना एकाच वजनाचं साधन मानणं मला मान्य नाही. निदान कोर्टात पुरावा तपासला जातो.

शिक्का मारणाऱ्यांना धूर मुळीच दिसला नव्हता, असं मात्र नाही. याच संस्थानात औषधी वनस्पतींच्या नावाखाली स्फोटकांची कृती सांगणारं गुजराती पुस्तक छापलं गेलं होतं. नोव्हेंबर १९०९ मध्ये अहमदाबादेत व्हाइसरॉयच्या गाडीवर बाँब फेकले गेले. पण त्या आगीचा धूर रेसिडेन्सीला, म्हणजे संस्थानातल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीला, सगळीकडे दिसू लागला. केशवराव देशपांड्यांची बडोद्यातली गंगनाथ शाळा १९११ च्या सुमारास सरकारी दडपणाने बंद पडली. तिथे शिकवणाऱ्या तरुणांत काका कालेलकर होते, जे पुढे गांधींच्या अहिंसक गोटात गेले. शाळा ‘जहाल’ होती की ‘राष्ट्रीय’, याचं उत्तर तिच्या वेळापत्रकात शोधायला हवं होतं. ते गुप्त टिपणांत शोधलं गेलं.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला दिल्ली दरबारात सयाजीराव महाराज बादशहापुढे एकदाच झुकले आणि पाठ फिरवून परतले, असा बोभाटा झाला. तारांनी बातमी लंडनला आधी पोचली, चलच्चित्रं बोटीने मागाहून गेली. म्हणजे प्रेक्षकाने पडद्यावर काय बघायचं ते वर्तमानपत्राने अगोदरच सांगून ठेवलं होतं. महाराजांनी गोंधळ झाल्याचं सांगणारं माफीचं पत्र दिलं, तेही छापून आलं. हा मुद्दाम केलेला अपमान होता की घबराट, यावर अजून वाद चालतो. बडोदेकर म्हणून मला अपमानाची आवृत्ती आवडते हे कबूल करते, आणि नेमकं म्हणूनच ती तपासल्याशिवाय लिहू नये असं मला वाटतं.

पुढे या शिक्क्यांनी एक चक्र धरलं. लंडनच्या एका वृत्तपत्राच्या बातमीदाराने १९१० मध्ये टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक ठरवलं. ठरवताना त्याला सरकारचं साह्य होतं. टिळकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये लंडनमध्ये तो हरले. मग तोच निकाल सरकारी दप्तराच्या खरेपणाचा पुरावा म्हणून दाखवला जाऊ लागला. दप्तरातून बातमी, बातमीतून पुस्तक, पुस्तकातून पुन्हा दप्तर. नंतर त्याच ‘असंतोषाचे जनक’ या शब्दांची आपण बिरुदावली केली, आणि त्यांचा उगम विसरलो.

‘दहशतवादी’ची गोष्ट जास्त अवघड आहे. भगतसिंगांच्या हिंदुस्थान सोशालिस्ट रिपब्लिकन संघटनेच्या १९३० च्या जाहीरनाम्यात दहशतवाद हा क्रांतीचा आवश्यक टप्पा म्हणून उघड मान्य केला होता. फेब्रुवारी १९३१ मध्ये भगतसिंगांनी तुरुंगातून लिहिलं की सुरुवातीचा काळ सोडला तर आपण दहशतवादी नाही. इतिहासकारांनी यावरून ‘क्रांतिकारी दहशतवाद’ ही संज्ञा वापरली, तेव्हा ती शिवी नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीतल्या एका विद्यापीठात एका इतिहासाच्या पुस्तकातल्या तिच्या हिंदी रूपावरून रण माजलं आणि त्या पुस्तकाच्या हिंदी आवृत्तीची विक्री थांबली. दोन्ही बाजूंचं खरं होतं. संज्ञा जुनी होती, आणि मधल्या काळात शब्दाचा अर्थ निरपराधांना मारणारा असा पक्का झाला होता.

त्या मधल्या काळात मराठी वर्तमानपत्रांनी बरेच शब्द पालटले. ऐंशीच्या दशकात पंजाब धुमसत असताना ‘अतिरेकी’ रुळला, नंतर ‘दहशतवादी’ने त्याची जागा घेतली. ‘नक्षलवादी’ एका गावाच्या नावावरून आला. २००४ मध्ये दोन मोठे गट एकत्र आल्यावर त्याच्या जोडीला ‘माओवादी’ बसला. १९६७ च्या बेकायदेशीर कृत्यांच्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संघटनेबरोबर व्यक्तीलाही, खटला उभा राहण्याआधी, राजपत्रात ‘दहशतवादी’ ठरवता येऊ लागलं. हे शब्द बातमीत येताना ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ ही दोन शब्दी कुबडी पहिल्या परिच्छेदात असते. चौथ्यापर्यंत ती गळते, आणि मथळ्यात तर ती बसतच नाही.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक संमत केलं. हरकतींनंतर त्यात ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ या आशयाचे शब्द आले. ‘तत्सम’वर बरंच बोललं गेलं, ‘कडव्या’वर फार थोडं. इंग्रजीत या ठिकाणी ‘एक्स्ट्रीमिस्ट’ आहे, १९०७ मध्ये होता तोच. तेव्हा आपण त्याला ‘जहाल’ केलं होतं, आता ‘कडवं’ केलं आहे. दोन्ही वेळा जागेच्या शब्दाला आपण चव दिली.