भारतात वाफेची इंजिने कुठे टिकली, आणि का

ब्रिटनमध्ये मुख्य मार्गांवरची वाफेची इंजिने ऑगस्ट १९६८मध्ये थांबली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७०मध्ये, पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजन कारखान्यातून ब्रॉडगेजचे (रुंद रुळांचे) शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर पडले. त्याचे नावच 'अंतिम सितारा' ठेवले होते. मीटरगेजची (एक मीटर अंतराच्या रुळांची) इंजिने तर १९७२पर्यंत बनत राहिली. कारण साधे होते. कोळसा घरचा होता, तेल बाहेरून विकत आणावे लागे आणि १९५०पासून उत्पादन करणारा चित्तरंजनचा कारखाना मुळात वाफेच्या इंजिनांसाठीच उभारलेला होता. या उशिरामुळे भारतात इंजिनांबरोबर ती चालवणारे, दुरुस्त करणारे हातही बराच काळ कामात राहिले. आज इथे चालू इंजिनामागे बसून प्रवास करता येतो, तो या हातांमुळे.

ब्रॉडगेजवरची शेवटची नियमित वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी जालंधर-फिरोजपूर मार्गावर धावली. तिला जोडलेले 'शेर-ए-पंजाब' हे इंजिन आता हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये आहे.

संग्रहालयाचा विचार मात्र त्याच्या बराच आधी झाला. दिल्लीच्या चाणक्यपुरीतले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७मध्ये उघडले, तेव्हा देशभर हजारो वाफेची इंजिने रोजच्या कामावर होती. त्यामुळे निवडीला भरपूर वाव मिळाला. अजमेरच्या कारखान्यात १८९५मध्ये बनलेले एफ-७३४ हे इंजिन या संग्रहालयात आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचे प्रचंड गॅरट इंजिनही आहे. एकाच बॉयलरवर, पुढे-मागे अशा दोन चाकसंचांवर ते चालते. हे इंजिन बाजूने, थोडे लांबून पाहावे. बॉयलरची चौकट दोन्ही संचांवर कशी तोलली आहे आणि वळणावर ते संच वेगवेगळे कसे वळत असतील, हे तिथूनच कळते.

'फेअरी क्वीन' हे इंजिन १८५५मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला बनले, १९०९मध्ये सेवेतून निघाले आणि पुढे अनेक वर्षे हावड्याला व नंतर चंदौसीच्या प्रशिक्षण केंद्रात नुसते उभे होते. पेरांबूरच्या कारखान्याने दुरुस्त केल्यावर १९९७मध्ये ते दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा धावले. असे उदाहरण विरळाच, कारण चौथऱ्यावर ठेवलेले इंजिन वरून रंगवलेले दिसले तरी आतून झिजत असते. धूरपेटीच्या, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाला धूर जमतो त्या कप्प्याच्या, तळाशी उरलेली राख पावसाचे पाणी धरून ठेवते आणि पत्रा तिथूनच कुजतो. पितळी झडपा आणि गेज चोरीला जातात. नळ्यांवर क्षारांचे थर चढलेले असले, तर बॉयलरला दाबाचे प्रमाणपत्र मिळण्याआधी नळ्या बदलाव्या लागतात.

रेवाडीची शेड १८९३ची. वाफेचा काळ संपल्यावर ती बंद पडली आणि २००२मध्ये वारसा संग्रहालय म्हणून पुन्हा सुरू झाली. इथले 'अकबर' हे डब्ल्यूपी वर्गाचे इंजिन १९६५मध्ये चित्तरंजनला बनले. या वर्गाची पहिली इंजिने १९४७मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीकडून आली होती. गोळीसारख्या टोकदार नाकावरून डब्ल्यूपी लगेच ओळखू येते. जाण्याआधी 'इंजिन आहे का' एवढेच विचारून भागत नाही, 'पेटवलेले आहे का' हे विचारावे. एवढ्या मोठ्या बॉयलरला थंड अवस्थेतून वाफेवर आणायला कित्येक तास लागतात. घाई केली, तर भट्टीचे पत्रे आणि नळ्या कमी-जास्त प्रसरण पावतात आणि जोड गळू लागतात. म्हणून चालवायचे इंजिन बहुधा आदल्या दिवसापासूनच तापवत ठेवतात.

डोंगरी मार्गांवर वाफ टिकण्याचे कारण वेगळे, आणि तेच सर्वांत रंजक. निलगिरी मार्ग १८९९मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८मध्ये उटीपर्यंत पोचला. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात चढ बारास एक, म्हणजे बारा मीटरमागे एक मीटर उंची, इतका तीव्र आहे. एवढ्या चढावर गुळगुळीत रुळावरची चाके घसरतात, म्हणून रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत. स्विस बनावटीच्या एक्स वर्गाच्या इंजिनाला चार सिलिंडर असतात. जास्त दाबाची वाफ घेणारे दोन नेहमीची चाके फिरवतात. त्यांतून निघालेली वाफ उरलेल्या दोन सिलिंडरांत जाऊन दातेरी चाके फिरवते. दातेरी टप्पा संपला की ही दुसरी जोडी थांबते. इंजिन नेहमी उताराच्या बाजूला असते, म्हणजे चढताना ते गाडी मागून ढकलते. मेट्टुपालयमहून वर जाताना सर्वांत पुढच्या डब्यात बसलात, तर समोर धूर नसतो आणि वाट उघडी दिसते. इंजिनाचा आवाज ऐकायचा असेल, तर मागचा डबा बरा. वाफेचे इंजिन कुन्नूरपर्यंतच असते, पुढे डिझेल लागते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात दरडी कोसळून मार्ग बंद पडतो, तेव्हा तिकिटासोबत पर्यायी बेत हाताशी हवा.

दार्जिलिंगला दात नाहीत. १८८१च्या त्या दोन फुटी मार्गावर वळसे आणि उलटसुलट झिगझॅग घेऊन उंची गाठली जाते. बी वर्गाच्या इंजिनाच्या पुढे बसलेले दोघे रुळांवर वाळू टाकतात, म्हणजे चाकांना पकड मिळते. वेळ कमी असेल, तर दार्जिलिंग-घूम ही छोटी फेरी घ्यावी. बतासियाचा वळसा आणि घूमचे स्थानक त्यात येते.

माथेरानची अडचण चढापेक्षा वळणांची होती. १९०७मध्ये सुरू झालेल्या या मार्गासाठी जर्मनीहून आलेल्या इंजिनांत पहिला आणि शेवटचा आस (समोरासमोरची दोन चाके जोडणारा दांडा) पोकळ होता. आतला मूळ आस चौकटीत जागच्या जागी फिरत असे आणि बाहेरची पोकळ नळी चाकांसह थोडी वळत, सरकत असे. घाटाच्या अवघड वळणावर तीन आसांचे इंजिन वळते कसे, याचे उत्तर या पोकळ आसात आहे.

कुठेही इंजिन पाहताना रंगवलेल्या क्रमांकावर विसंबू नये, तो अनेकदा बदललेला असतो. धूरपेटीच्या किंवा सिलिंडरच्या बाजूला कारखान्याची पाटी शोधावी. कारखान्याचे नाव, अनुक्रमांक आणि वर्ष तिथे असते. मग चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या जोडदांड्यांवर ठोकलेले आकडे पाहावेत. ते पाटीशी जुळत नसतील, तर भाग दुसऱ्या इंजिनाचे आहेत. शेडमध्ये ही देवाणघेवाण रोजचीच होती, त्यामुळे त्यात फसवणूक नाही. उटीच्या मार्गावर पाटी नवी दिसली, तरी आश्चर्य वाटू नये, कारण तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने जुन्या एक्स वर्गाच्या नमुन्यावर नवी वाफेची इंजिने बांधली आहेत.