जेसीबी बोलवायच्या आधी हे वाचा

"साहेब, जागा एकदम साफ करून ठेवलीय, आता कधीही बघायला या." एप्रिल-मे महिन्यांत असे फोन आम्हाला सतत येतात. फोन करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. आम्हाला जागा नीट दिसावी, काम लवकर सुटावं म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून दोन-तीन दिवस मशीन फिरवलेलं असतं. आणि नेमकं तिथेच काम दीड वर्षावर जातं.

आमच्याकडे येणारे बहुतेक जण मुंबई-पुण्यात आयुष्य काढून गावच्या जागेकडे वळलेले, किंवा रत्नागिरीच्या आसपास दीड-दोन एकर नव्याने घेतलेले. सातबारा, फाळणी, मोजणी, बिनशेती हे शब्द तुम्हाला नवे नाहीत, त्यामुळे ते इथे उगाळत नाही. आमचं काम त्याच्या पुढचं. घर कुठे, बाग कुठे, रस्ता कुठून, विहीर कुठे, आणि कुठे काहीच करायचं नाही, हे जागेवर फिरून ठरवायचं आणि नकाशावर उतरवायचं. "कुठे काहीच करायचं नाही" यावर सगळ्यात जास्त वाद होतात. आमच्या मते आराखड्यातला तोच भाग सगळ्यात मोलाचा आहे, आणि साफ केलेल्या जागेत आम्हाला नेमका तोच ठरवता येत नाही.

रान गेलं की खुणा गेल्या

उन्हाळ्यात कोरडी पडलेली जागा काही बोलत नाही असं वाटतं, पण तिच्यावरचा झाडोरा बोलत असतो. धोंड्यांच्या फटीत शेरणी आणि वाळुंज दिसली की तिथून पावसाळ्यात पऱ्या (पावसाळी ओढा) धावतो हे कळतं, मग मे महिन्यात तिथे पाण्याचा थेंब का नसेना. भेरली माड आणि जांभळांची दाटी एका जागी असली की खाली ओल टिकते. करवंदीच्या जाळीत उकरलेली माती, फोडलेली वारुळं दिसली तर खवले मांजर येऊन जात असण्याची शक्यता असते. वाळवी आणि मुंग्यांवर जगणारा हा लाजाळू प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. ढोली असलेला म्हातारा बेहडा किंवा सातवीण दिसली तर आम्ही मान वर करून थांबतोच, कारण धनेश असल्याच झाडात घर करतो. मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते, जेमतेम चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते, आणि नर अख्खा उन्हाळा तिला फळं आणून भरवतो. ढोली जमली तर हे पक्षी वर्षानुवर्षं त्याच झाडावर येतात. आणि साफसफाईत "पोकळ झालंय, कधीतरी पडेल" म्हणून पहिलं जातं ते तेच झाड.

ही सगळी माहिती एका दुपारच्या मशीनकामात पुसली जाते. मग आम्हाला पुढच्या पावसाची वाट बघावी लागते, पाणी स्वतःची वाट पुन्हा दाखवेपर्यंत. उशीर होतो तो इथे.

लांजा तालुक्यातल्या एका जागेचं सांगतो. दीड एकर, पूर्वेला उतार, खाली भाताचे मळे. मालकांनी मे महिन्यात सगळं सपाट करून घेतलं आणि वरच्या बाजूला घराचा चौथरा खणायला घेतला. शेजारच्या आजी बांधावरून म्हणाल्या होत्या, "अरे, हयसून पऱ्या जाता." पण पऱ्या दिसतच नव्हता. मशीनने तो भरून टाकला होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी चौथऱ्यातून वाहायला लागलं. लाल चिखल खालच्या तीन शेतकऱ्यांच्या तरव्यात जाऊन बसला, भाताची रोपं त्यात गाडली गेली. आम्हाला बोलावलं तेव्हा जुलै लागला होता. पाण्याची जुनी वाट आम्ही शोधली ती त्या आजींना छत्री धरून सोबत घेऊन. घर 18 मीटर सरकवावं लागलं. चौथऱ्याचा खर्च गेला तो गेलाच, शेजाऱ्यांशी बोलणंही बराच काळ बंद होतं.

मे महिन्यातली माती आणि जूनमधले मासे

आता माशांबद्दल, कारण "एवढ्याशा पऱ्यात कसले मासे" हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला ऐकायला मिळतो.

कोकणात वाढलेल्यांना चढणीचे मासे सांगायला नकोत. मृगाचे पहिले मोठे पाऊस झाले की नदीतले मासे गाबोळीने (अंड्यांनी) भरून प्रवाहाच्या उलट वर चढतात. नदीतून पऱ्यात, पऱ्यातून मळ्यात. दांडवण, शेंगाळे, मरळ अगदी घोटाभर पाण्यातून अंग घासत वर जातात आणि उथळ पाण्यात, गवतात, बारीक खड्यांमध्ये अंडी घालतात. उन्हाळाभर कोरडा असलेला, तुम्ही "नुसता चर" म्हणता तो पट्टा, त्या काही आठवड्यांत माशांचं बाळंतघर असतो.

आता याला मे महिन्याचं मशीनकाम जोडून बघा. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याचा पहिला मारा जूनमध्ये बसतो. मोकळी केलेली लाल माती त्याच पहिल्या पावसात पऱ्यात उतरते. खडे गाळाखाली जातात, अंड्यांवर मातीचा थर बसतो, त्यांना हवा मिळत नाही. मासे वर चढतात तो आणि माती खाली उतरते तो पंधरवडा एकच. म्हणून मातीकामासाठी मे हा सगळ्यात वाईट महिना आहे, जरी त्याच महिन्यात मशीनं मोकळी असली आणि तुम्हाला सुट्टी असली तरी. आम्ही मातीकाम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करून घ्यायला सांगतो. उन्हाळ्यापर्यंत माती दबते, आणि उतारावर वाळा लावायला अवधी मिळतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पऱ्यावरून गाडी न्यायची म्हटली की ठेकेदार दोन सिमेंट पाइप टाकून वर भराव करतात. स्वस्त आणि एका दिवसाचं काम. पण दोन-तीन पावसाळ्यांत पाइपच्या तोंडाशी पाणी खाली खड्डा खणतं आणि पाइप हातभर वर लटकतो. बोटाएवढा मासा तिथून उडी मारू शकत नाही. त्याच्या दृष्टीने ती भिंतच. सुरुवातीच्या वर्षांत आम्हीही असेच पाइप टाकून दिले होते. त्यातले दोन नंतर आमच्या खर्चाने काढले. आता जमेल तिथे साकव (छोटा पूल) सुचवतो, दोन्ही काठांवर जांभ्या दगडाचे खांब आणि मधला तळ जसा आहे तसा. पाइपच हवा असेल तर मोठ्या व्यासाचा घ्यायचा आणि त्याचा पाव भाग तळाच्या खाली गाडायचा, म्हणजे आत खडे-गोटे जमतात आणि पऱ्या पाइपातूनही पऱ्याच राहतो. साकव महाग पडतो हे खरं. पण पाइपवरचा भराव एखाद्या मोठ्या पावसात वाहून गेला की हिशोब उलटा होतो.

पाणी केवढं आहे यावरून त्यात काय आहे ते ठरवू नये. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या पाण्यात एक बोटभर मासा सापडला आणि 2020 मध्ये तो विज्ञानाला नवी जात म्हणून नोंदला गेला. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवळाच्या झऱ्याएवढं पाणी ते!

पोटखराबा म्हणजे खराब जागा नव्हे

सातबाऱ्यावर पोटखराबा दिसला की लोक तो फुकट गेलेला भाग समजतात आणि आधी त्याच्यावरच भराव घालतात. पोटखराबा म्हणजे लागवडीला योग्य न धरलेला, आकारणी न लागलेला भाग, एवढाच त्याचा अर्थ. पऱ्या, पाणवठा, खडकाळ उतार, वाट, हे सगळं त्यात मोडतं. आम्ही आराखडा करताना तिथूनच सुरुवात करतो, कारण पशुपक्ष्यांचा वावर बहुधा याच पट्ट्यात असतो. पऱ्याच्या दोन्ही काठांना 15 मीटरचा झाडोरा तसाच ठेवायचा ही आमची स्वतःची पद्धत आहे. नियमात काठापासून सोडायचं अंतर असतं ते आम्ही तपासतोच, पण नियम बांधकामापुरता बोलतो, झाडोऱ्याबद्दल नाही. सावली गेली की पाणी तापतं, मुळं गेली की काठ ढासळतो, आणि पाला पडायचा थांबला की पाण्यातले किडे कमी होतात, ज्यांच्यावर मासे जगतात.

"दोन्हीकडे पंधरा म्हणजे आमची चार-पाच गुंठे जागा गेली" अशी तक्रार असते. ती कुठेही जात नाही. तुमच्याच नावावर राहते, विहिरीचं पाणी धरून ठेवते, आणि एप्रिलमध्ये घराच्या त्या बाजूला गारवा असतो. आमच्या दोन ग्राहकांनी हा पट्टा राखला म्हणून पाहुण्यांसाठीच्या खोल्या मुद्दाम त्याच्या बाजूला बांधल्या.

खाडीकाठच्या जागांचं थोडक्यात सांगतो. कांदळवनाला (खारफुटीला) हात लावायचा नाही, मग सातबारा तुमच्या नावावर का असेना. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये मालकी न बघता कांदळवनांची तोड थांबवली, भोवतीच्या 50 मीटरांत बांधकामाला मनाई केली, आणि 2018 च्या निकालात हे संरक्षण कायम ठेवलं. सातबाऱ्यावर "खाजगी वन" असा शेरा असेल तर जागा घेण्याआधी आम्हाला दाखवा, नंतर नको. आणि झाडं तोडायची म्हटली तर 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते का हे आधी पाहावं लागतं. "माझ्याच जागेतलं झाड" हे उत्तर तिथे चालत नाही.

कातळावरच्या जागा हा वेगळा विषय आहे. सडा, म्हणजे हे उघडं कातळाचं पठार, मे महिन्यात बघितला तर तव्यासारखा तापलेला असतो, आणि लोक म्हणतात, माती आणून टाकू. श्रावणात तोच सडा येऊन बघा. खळग्यांत पाणी, त्यात बेडकांची पिल्लं, आणि पायाखाली गालिच्यासारखी फुलं. जांभ्यात मुरलेलं हेच पाणी सड्याच्या कडेला झरे होऊन निघतं, आणि खालच्या वाडीच्या विहिरी त्यावर चालतात. सड्याची जागा असेल तर घर कडेच्या आत घ्यावं, झऱ्याच्या डोक्यावर नाही.

कुंपणाबद्दल

माकडं, डुकरं, गवे यांचा त्रास आम्ही नाकारत नाही. आमच्या स्वतःच्या बागेत तो आहे. पण पूर्ण जागेला सहा फुटी चिऱ्याची भिंत घातली तर माकडं वरून येतातच आणि अडतात ते साळिंदर, ससे, भेकर. शिवाय पाणी अडून भिंत पडते ते वेगळं. घर आणि नवी कलमं यांनाच पक्कं कुंपण करावं. बाकीच्या हद्दीला जुन्या पद्धतीचा सुका गडगा (नुसते दगड रचलेला बांध) पुरतो, पऱ्या जाईल तिथे मोकळा सोडलेला. गडग्याच्या फटीत सरडे, सापसुरळ्या, मुंगसं राहतात. उंदीर कमी हवे असतील तर मुंगसांना राहू द्या.

आम्ही दोनदा का येतो

"आराखड्याला दोन भेटी कशाला, दुसरे लोक एका भेटीत देतात" असं आम्हाला ऐकवलं जातं. कोकणातली जागा वर्षातून दोन वेगळ्या जागा असते. एक भेट जुलै-ऑगस्टमध्ये, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे मुरतं हे बघायला. दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये, घरटी, ढोल्या, ओलावा आणि दगड बघायला. मधल्या काळात नकाशा, उताराच्या रेषा आणि कागदपत्रं. पावसाळी भेटीशिवाय आम्ही घराची जागा ठरवून देत नाही. त्यामुळे काही कामं हातची गेली, तरी आम्ही ते बदललेलं नाही. भेटीचे पैसे वेगळे लावत नाही, ते आराखड्याच्या रकमेत धरलेले असतात. मशीनवाल्याकडून किंवा ठेकेदाराकडून आम्ही काही घेत नाही, त्यामुळे "इथे खणू नका" हे सांगायला आम्हाला अडचण नसते.

आम्ही यायच्या आधी तुम्ही करायचं ते इतकंच: हद्दीचे दगड दिसावेत आणि चालता यावं म्हणून कोयत्याने दोन फुटी पायवाट काढून ठेवा. गडी माणसाला एक दिवस पुरतो. गावात कोणी असेल तर जोराच्या पावसात मोबाइलवर पाण्याचा व्हिडिओ काढून ठेवायला सांगा. आणि वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून ठेवा की चढणीचे मासे कुठल्या मळ्यात यायचे. या एका उत्तराने आमचा निम्मा सर्व्हे होतो.

मशीन आधीच फिरलं असेल तरी फोन करा, संकोच नको. मोकळ्या उतारावर समपातळीत चर मारता येतात. पालापाचोळा परत पसरता येतो, काठाला वाळा आणि करंज लावता येतो, भरलेला पऱ्या पुन्हा मोकळा करता येतो. दोन-तीन पावसाळे जातात, पण मासे परत चढलेले आम्ही पाहिले आहेत. वर सांगितलेल्या लांज्याच्या जागेत गेल्या जूनमध्ये साकवाखालून दांडवणीचा थवा वर जाताना त्याच मालकांनी व्हिडिओ काढून आम्हाला पाठवला.

पावसाळी भेटींची नोंदणी 15 जूनपर्यंत घेतो. सातबारा आणि गाव नकाशाची प्रत सोबत पाठवलीत तर तारीख लगेच देता येते.