कॉम्प्युटर काम करतोय की वाट बघतोय?

विंडोज ७ बाजारात आलं २२ ऑक्टोबर २००९ रोजी, आणि लगोलग एक चमत्कारिक तक्रार सुरू झाली. पासवर्ड टाकला की ‘वेलकम’ लिहिलेला पडदा अर्धा मिनिट जागचा हलत नाही. मशीन नवंकोरं, डिस्क धडधाकट, व्हायरसचा पत्ता नाही. या मशीनमध्ये एक गोष्ट मात्र सारखी निघाली. डेस्कटॉपवर फोटो नव्हता, नुसता एक सपाट रंग होता. गंमत अशी, की मशीन हलकं चालावं म्हणूनच लोक वॉलपेपर काढून सपाट रंग लावत. मेमरी महाग होती त्या दिवसांतली ती सवय.

मायक्रोसॉफ्टचे जुने अभियंते रेमंड चेन यांनी २०२५ मध्ये यामागची हकिकत सांगितली. लॉगिन झाल्यावर वेलकमचा पडदा कधी बाजूला करायचा, हे विंडोजला ठरवावं लागतं. त्यासाठी टास्कबार, डेस्कटॉपची खिडकी, आयकॉन, वॉलपेपर अशा प्रत्येकाने ‘मी तयार आहे’ असा निरोप द्यायचा. सगळ्यांचे निरोप आले की पडदा दूर. एखाद्याचा नाहीच आला तर ३० सेकंद थांबायचं आणि मग पुढे जायचं. वॉलपेपरचा निरोप पाठवणारी ओळ नेमकी चित्र लोड करणाऱ्या कोडच्या आत बसली होती. चित्रच नाही म्हटल्यावर तो कोड चालायचा नाही आणि निरोपही जायचा नाही. पानं वाढून झाली आहेत, सगळी पंगत एका पाहुण्यासाठी खोळंबली आहे, आणि त्या पाहुण्याला आमंत्रणच गेलेलं नाही, असा प्रकार. नोव्हेंबर २००९ मध्ये दुरुस्ती आली आणि प्रश्न मिटला.

ते ३० सेकंद प्रोसेसर जवळपास रिकामा बसून होता. डिस्कही शांत. अशा मशीनमध्ये दुप्पट रॅम घातली असती, प्रोसेसर बदलला असता, तरी ३० सेकंदांचे २९ झाले नसते. म्हणजे कॉम्प्युटर हळू चालू होतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडत असू शकतात. एक तर तो खरोखर कामात बुडालेला असतो, नाही तर कुणाची तरी वाट बघत बसलेला असतो. पहिल्यावर पैसे खर्च करून उपाय होतो. दुसऱ्यावर पैसे खर्च करणं म्हणजे ते वाया घालवणं. तरी दुकानात मशीन नेलं की बहुतेक वेळा पहिलंच गृहीत धरलं जातं: रॅम वाढवा, नाही तर फॉरमॅट मारा.

आधी कामात बुडालेल्या मशीनचं बघू, कारण जुन्या लॅपटॉपचं दुखणं बहुधा हेच असतं. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क घ्या. लॅपटॉपमधली ही डिस्क साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे फिरते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो डेटा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य पट्ट्यावर सरकायला १०-१२ मिलिसेकंद लागतात. गोळाबेरीज १७च्या आसपास. सेकंदाला असे जेमतेम ६० हेलपाटे होतात.

विंडोज चालू होताना वाचायच्या असतात त्या हजारो छोट्या छोट्या गोष्टी: ड्रायव्हर (म्हणजे मशीनचे एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम), सेटिंग, लायब्ररी, फॉन्ट. त्या डिस्कभर विखुरलेल्या असतात. दहा हजार तुकडे आहेत असं धरलं तर नुसत्या हेलपाट्यांतच पावणेतीन मिनिटं जातील. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नाही, तिला एका तुकड्याला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. तेच दहा हजार तुकडे एका सेकंदात.

हे डोळ्यांनी बघता येतं. मशीन चालू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसतील, पण वाचनाचा वेग बघाल तर सेकंदाला एक-दोन एमबी. शंभर टक्के आणि एवढा कमी वेग, हे एकत्र कसं? कारण तो आकडा डिस्क किती वेळ गुंतली आहे ते सांगतो, किती माल आणला ते सांगत नाही. जवळजवळ सगळा वेळ टोक हलवण्यात आणि तबकडी फिरायची वाट बघण्यात चालला आहे. हे चित्र दिसलं तर एसएसडी टाकून घ्या, दुसरं काही शोधत बसू नका. आठ-दहा वर्षांच्या लॅपटॉपलाही तिने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही.

याच हेलपाट्यांवर विंडोजने स्वतःही तोडगे काढले. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ‘प्रीफेच’ आहे. चालू होताना कुठल्या फाइली लागतात याची नोंद ठेवायची आणि पुढच्या वेळी त्या आधीच, शक्य तितक्या ओळीने वाचून ठेवायच्या. आता मोबाइलवरचे ‘पीसी रॉकेट बनवा’ छापाचे व्हिडिओ आठवा. रनमध्ये ‘प्रीफेच’ टाइप करा, सगळं सिलेक्ट करा, उडवा! म्हणजे वेग वाढवण्यासाठी ठेवलेल्या नोंदी पुसायच्या आणि विंडोजला त्या पुन्हा पहिल्यापासून जमवायला लावायच्या. अशाच व्हिडिओंत एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच सेटिंगच्या प्रोग्राममध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या निवडायला सांगतात. तिथे खूण नसेल तर विंडोज सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे सगळे भाग, वापरतंच. कमी कोअर असलेल्या मशीनवर आपलं सॉफ्टवेअर कसं चालेल हे तपासणाऱ्यांसाठी तो पर्याय आहे. त्याने संख्या कमी करता येते, वाढवता येत नाही.

दुसरा तोडगा विंडोज ८ मध्ये, २०१२ साली आला: फास्ट स्टार्टअप. तुम्ही ‘शट डाउन’ करता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे एका मोठ्या फाइलीत लिहून ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी ती फाइल सलग वाचायची, की झालं. सलग वाचनात हेलपाटे नसतात, म्हणून फिरत्या डिस्कवरही हे झटपट होतं. तोटा असा, की रोज रात्री बंद केलेला कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नसतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ बघा. रोज बंद करूनही तिथे कितीतरी दिवस दिसतात. एखादा ड्रायव्हर बिघडला असेल तर ते बिघडलेपणही जपून ठेवलं जातं आणि सकाळी परत येतं. ‘रीस्टार्ट’ मात्र पूर्ण बंद करून पूर्ण चालू करतं. ‘एकदा रीस्टार्ट करून बघा’ या हेल्पलाइनवाल्यांच्या पाठ केलेल्या वाक्यात म्हणूनच तथ्य आहे.

आता मोजमाप. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे. बटण दाबल्यापासून कंपनीचा लोगो जाईपर्यंत किती, तिथून पासवर्डच्या पडद्यापर्यंत किती, पासवर्डनंतर डेस्कटॉप दिसेपर्यंत किती, आणि दिसल्यावर तो खरोखर वापरता येईपर्यंत किती. वेळ कुठल्या टप्प्यात जातो यावर संशयित बदलतो. विंडोज स्वतःही हा हिशेब ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ नावाच्या वहीत १०० क्रमांकाच्या नोंदीत चालू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदात असतो. रेंगाळलेल्या प्रोग्रामचं नाव १०१ मध्ये, ड्रायव्हरचं १०२ मध्ये, पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसचं १०३ मध्ये. आरोपीचं नाव असं लिहून ठेवलेलं असताना लोक अंदाजाने फॉरमॅट मारतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

लोगोच्या आधीच वेळ जात असेल तर विंडोजचा काही दोष नाही, ते अजून उठलेलंच नाही. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपच्या पानावर ‘लास्ट बायोस टाइम’ असा आकडा असतो, तो हाच. इथले संशयित म्हणजे मागे खोचून राहिलेला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क, आणि मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल. हा सेल संपला की मशीनचं घड्याळ मागे जातं, आणि काही मशीन दर वेळी ‘एफ१ दाबा’ म्हणून अडून बसतात. ऑफिसच्या नेटवर्कवर तर घड्याळ पाच मिनिटांहून जास्त चुकलं की सर्व्हर ओळखच देत नाही. नवी डीडीआर५ रॅम बसवल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो. तिथे रॅमची जुळणी चाललेली असते, घाबरून वीज बंद करू नका.

पासवर्डनंतर रेंगाळणारं मशीन घरचं असेल तर बहुतेक वेळा डेस्कटॉपबरोबर उठणाऱ्या प्रोग्रामची गर्दी असते: प्रिंटरची शाई मोजणारा, गेमचा लाँचर, मीटिंगची दोन-तीन ॲप. टास्क मॅनेजर त्यांच्यापुढे ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ असे शेरे मारतं. ‘हाय’ म्हणजे प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवरचा ३ एमबीहून जास्त व्यवहार. एसएसडीवर ३ एमबी म्हणजे काहीच नाही, तेव्हा नुसता शेरा बघून हबकू नये. ‘डिसेबल’ केल्याने प्रोग्राम जात नाही, फक्त आपोआप उठत नाही. अँटिव्हायरस आणि टचपॅड-आवाजाचे ड्रायव्हर सोडून बाकीचे निजू द्या. आणि दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवू नका. दोघंही प्रत्येक फाइल तपासतात, शिवाय एकमेकांच्याही.

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांचं दुखणं वेगळंच असतं. वर्षानुवर्षं जमवलेले हजारो मराठी फॉन्ट, एकाच अक्षरवळणाची जुन्या एन्कोडिंगची आणि युनिकोडची अशी दोन-दोन रूपं, सगळे विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये ओतलेले. इन्स्टॉल केलेल्या फॉन्टची यादी विंडोजला सांभाळावी लागते, आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडताना तीच यादी पुन्हा चाळली जाते. रोजचे शे-दोनशे फॉन्ट ठेवून बाकीचे वेगळ्या फोल्डरमध्ये काढले, किंवा लागतील तेवढेच चालू करणारा फॉन्ट मॅनेजर वापरला, तर लग्नपत्रिकेचं काम अडत नाही.

ऑफिसच्या मशीनवर मात्र बहुधा वाट बघण्याचाच रोग असतो. एक नेहमीचा नमुना: इंटरनेट जलद व्हावं म्हणून कुणीतरी मशीनच्या सेटिंगमध्ये डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता घालतं. वेबसाइट व्यवस्थित उघडतात. पण सकाळी लॉगिन करताना मशीनला ऑफिसचा मुख्य सर्व्हर शोधायचा असतो, आणि त्याचा पत्ता फक्त ऑफिसच्या आतल्या डीएनएसला ठाऊक असतो. मशीन गूगलला विचारतं, तिथून नकार येतो, ते पुन्हा विचारतं, दुसरी वाट धुंडाळतं, आणि माणूस ‘प्लीज वेट’कडे बघत चहा संपवतो. दुसरा नमुना म्हणजे बंद पडलेल्या जुन्या सर्व्हरवरच्या फोल्डरला जोडून ठेवलेला झेड ड्राइव्ह किंवा कधीच भंगारात गेलेला नेटवर्क प्रिंटर. उत्तर न देणाऱ्यासाठी थांबणं हे नकार ऐकण्यापेक्षा फार लांबतं. नकार मिलिसेकंदात येतो, शांततेला मात्र ठरलेली मुदत संपेपर्यंत वेळ द्यावा लागतो.

वाट बघण्याची ओळख याच मुदतीवरून पटते. काम करणाऱ्या मशीनला रोज थोडा कमी-जास्त वेळ लागतो: आज ७४ सेकंद, उद्या ८१. वाट बघणारं मशीन रोज तेवढाच वेळ घेतं, आणि तो आकडा संशय यावा इतका गोल असतो: ३०, ६०, ९०. कारण तो कुणा प्रोग्रामरने बसून ठरवलेला असतो. लिनक्सवर हे आणखी उघड दिसतं. तिथे चालू होण्याची व्यवस्था बघणारं सिस्टमडी एखाद्या गोष्टीसाठी साधारणपणे ९० सेकंद थांबतं. दुसरं लिनक्स टाकताना स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) फॉरमॅट झालं, त्याची ओळखसंख्या बदलली, पण पहिल्या लिनक्सच्या पार्टिशनच्या यादीत जुनीच राहिली, की ते रोज दीड मिनिट त्या नसलेल्या पार्टिशनची वाट बघतं. टर्मिनलमध्ये ‘सिस्टमडी-ॲनलाइझ ब्लेम’ ही आज्ञा दिली की कुणी किती वेळ खाल्ला याची उतरती यादी मिळते. आणि पार्टिशनच्या यादीतली ती जुनी ओळ बदलली की दीड मिनिट वाचतं.

दोष मशीनचा की आपल्या खात्याचा, हे कळायला एक नवं युजर अकाउंट काढून त्यातून आत शिरून बघावं. ते चटकन उघडलं तर डिस्क आणि रॅम निर्दोष, गोंधळ तुमच्या प्रोफाइलमध्ये. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त अगदी गरजेच्या गोष्टी घेऊन चालू होतं तेव्हा, मशीन चपळ वाटलं तर बाहेरून आलेला एखादा ड्रायव्हर किंवा सर्व्हिस धरायची.

एका प्रकारात मात्र असं काही करत बसू नये. वर्षभरात हळूहळू मंदावलेलं मशीन वेगळं आणि गेल्या आठवड्यापर्यंत ठीक असलेलं, आता एकाएकी चार-पाच मिनिटं घेणारं मशीन वेगळं. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर ती बहुधा शेवटच्या घटका मोजते आहे. खराब झालेला भाग वाचता येत नाही म्हणून ती तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचू बघते आणि विंडोज ताटकळतं. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या तक्त्यात ठेवते, क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्राममध्ये तो दिसतो. त्यात ‘रीॲलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टर या दोन ओळी बघा. तिथे शून्य नसेल आणि आकडा वाढत असेल तर फॉरमॅट, व्हायरस स्कॅन, डीफ्रॅग काहीही सुरू करू नका, त्या सगळ्यांत डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत राबते. मशीन चालू आहे तोवर फोटो, हिशेबाच्या फाइली, पोरांचे प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि विंडोज नव्या एसएसडीवर नव्यानेच टाका.